स्मृतीच्या वाटण्या : सोनेगाव ते ‘परम’

३० जानेवारी १९४९ पासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रोज मध्यरात्रीचा एक व्यवहार सुरू झाला. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची चार विमाने निघत आणि देशाच्या मध्यावर, आमच्या नागपुरात, एकत्र येत. प्रत्येक विमानात उरलेल्या तीन शहरांच्या थैल्या असत. सोनेगावला त्या उतरवायच्या, अदलाबदल करायची आणि विमानांनी पहाटे आपापल्या गावी परतायचे. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. त्यांच्या काळातली ही योजना दोन दशकांहून अधिक काळ चालली. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळू लागले ते या मध्यरात्रीच्या उलाढालीमुळे.

मी संगणकशास्त्र शिकवायचो तेव्हा समांतर संगणनाचा धडा याच गोष्टीपासून सुरू करायचो. चार शहरांना एकमेकांशी थेट जोडायचे तर रोज बारा उड्डाणे हवीत. मध्ये नागपूर आले की चार विमानांत काम भागते. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, अशा व्यवस्थेत एकाला उशीर झाला की बाकीच्या तिघांनाही खोळंबावे लागते. दुसरी किंमत मुलांच्या लक्षात लवकर येत नसे. बारा गठ्ठे काही वेळ कुठेतरी ठेवावे लागतात. जमिनीवर तेवढी जागा लागते. चारच्या ऐवजी चौसष्ट शहरे असती तर गठ्ठे किती? चौसष्ट गुणिले त्रेसष्ट, म्हणजे चार हजार बत्तीस. शहरे सोळा पटींनी वाढली आणि गठ्ठे तीनशे छत्तीस पटींनी. विमाने वाढवता येतील, पण तेवढे गठ्ठे पसरायला जमीन आणायची कुठून?

भारतातल्या महासंगणकांचा इतिहास आपण नेहमी विमानांच्या बाजूने सांगतो. किती प्रोसेसर, सेकंदाला किती कोटी आकडेमोडी, जगात कितवा क्रमांक, एवढेच त्यात असते. जमिनीची, म्हणजे संगणकाच्या स्मृतीची गोष्ट कोणी सांगत नाही. अनेक कामे एकाच वेळी चालवायची असतील तर खरी ओढाताण वेगासाठी होत नाही, जागेसाठी होते, असे माझे मत आहे. या इतिहासाचे काही धागे विदर्भातून जातात, म्हणून हा खटाटोप.

‘स्मृती’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. पाठ्यपुस्तकांत स्मृती लिहितात, बोलताना सगळे मेमरीच म्हणतात, आणि दोन्ही शब्दांनी आठवणीचा भास होतो. कायमचे साठवून ठेवण्याचे काम डिस्क करते. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. फडताळात शंभर डबे असतील, पण एका वेळी ओट्यावर मावतील तेवढेच काढता येतात, आणि चिरणे, कुटणे, मळणे जे काय व्हायचे ते ओट्यावरच होते. ओटा भरला की काहीतरी उचलून परत फडताळात ठेवल्याशिवाय पुढचे काम होत नाही.

*

आपल्याकडचा पहिला मोठा ओटा मुंबईत बांधला गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने स्वतः घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली रीतसर कामाला लागला. त्याचे नामकरण पंडित नेहरूंच्या हस्ते १९६२ साली झाले. सुमारे सत्तावीसशे निर्वात नळ्यांचे हे धूड. फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून त्याची स्मृती केलेली होती आणि तिच्यात चाळीस बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबात दहा किलोबाइट. हा लेख ज्या पद्धतीने संगणकात साठवला जातो, त्यात देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे या लेखाचा पाचवा हिस्सा टिफ्रॅकमध्ये जेमतेम बसला असता आणि तो वाचायला लागणाऱ्या आज्ञावलीला जागाच उरली नसती.

अशा यंत्रावर एका वेळी एकच काम चाले. एकाचे संपले की दुसऱ्याचे सुरू. जागेचे भांडण होण्याचा प्रश्नच नव्हता. घरात एकटा माणूस असला की भांडण कोणाशी करणार? भांडण सुरू झाले ते एकाच यंत्रावर अनेकांची कामे मिसळून चालवायला लागल्यावर. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १९६२ च्या डिसेंबरात ‘अ‍ॅटलस’ हा संगणक सुरू झाला. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक धाडसी युक्ती केली होती. छोटी जलद स्मृती आणि मोठा संथ ड्रम या दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती आहे असे प्रत्येक कामाला भासवायचे, आणि आतल्या आत पाने हलवत राहायची. फडताळसुद्धा ओटाच आहे, असे स्वयंपाक्याला पटवण्यासारखे हे. काम थोडे असते तोवर हे छान चालते. कामे वाढली की मात्र यंत्राचा सगळा वेळ पाने आणण्यात आणि परत नेण्यात जातो. यंत्र धडपडत राहते, धापा टाकते, पण काम पुढे सरकत नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेची चिकित्सा केली. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की प्रत्येक कामाला कोणत्याही क्षणी काही ठरावीक पाने हाताशी लागतातच. तेवढी देता येत नसतील तर ते काम सुरूच करू नये. पाच कामे अर्धपोटी चालवण्यापेक्षा तीन पोटभर चालवावीत आणि दोघांना बाहेर बसवावे.

आपल्याकडे हे पंगतीत कधीचे ठरलेले आहे. जेवढी पाने मांडली तेवढीच माणसे बसतात, बाकीचे मांडवात गप्पा मारतात. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही. भुकेल्या पाहुण्यांना एकदम आत सोडून प्रत्येकाच्या पानात भाताचा एकेक घास वाढणारा यजमान मी तरी पाहिलेला नाही.

याच दशकात हॉलंडमध्ये एड्सगर डाइकस्ट्रा यांनी दोन कल्पना मांडल्या. एकीला त्यांनी रेल्वेच्या हात वरखाली होणाऱ्या सिग्नलचे नाव दिले : सेमाफोर. दिल्ली–मद्रास आणि मुंबई–हावडा हे लोहमार्ग नागपूर स्थानकाजवळ एकमेकांना छेदतात. डायमंड क्रॉसिंग म्हणून ती जागा प्रसिद्ध आहे. तिथे एका वेळी एकाच गाडीला वाट मिळते, दुसरीने सिग्नलला उभे राहायचे. सेमाफोर हेच करतो, फक्त त्यात मोजणीचीही सोय असते. जागा आठ असतील तर आठांना आत सोड, नवव्याला थांबव, एक बाहेर पडला की नवव्याला बोलाव. दुसरी कल्पना सावकाराची. मोजक्या भांडवलाच्या सावकाराकडे अनेक ऋणको येतात. प्रत्येकाने आपली कमाल गरज आधी सांगितलेली आहे, पण उचल मात्र हप्त्याहप्त्याने होणार. पूर्ण रक्कम हाती आल्याशिवाय कोणाचा धंदा पुरा होत नाही आणि धंदा पुरा झाल्याशिवाय कोणी फेड करत नाही. सगळ्यांना थोडे थोडे देऊन तिजोरी रिकामी झाली तर सगळेच अडकले आणि सावकारही बुडाला. म्हणून प्रत्येक हप्त्याआधी सावकाराने पाहायचे, की हा दिल्यानंतर निदान एकाची तरी पूर्ण गरज भागेल, त्याच्या फेडीतून दुसऱ्याची, दुसऱ्याच्या फेडीतून तिसऱ्याची, अशी साखळी शेवटपर्यंत जुळते का. जुळत नसेल तर पेटीत पैसे असूनही नकार द्यायचा. ‘पैसे असूनही नकार’ हा भाग माझ्या विद्यार्थ्यांना फार खटके.

*

आता ‘परम’कडे येऊ. ही कथा मराठी वाचकांना साधारण ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकी बनावटीचा क्रे महासंगणक हवा होता. मागितला होता एक्स-एमपी/२४, बऱ्याच घासाघिशीनंतर मिळाला एक्स-एमपी/१४. मग आपणच आपला बनवू या ईर्ष्येने १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. संस्थेचे पहिले प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. ते १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, पदवीधर झाले. त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे जरा जास्तच अभिमानाने सांगितली जाते, आणि तसे व्हायला माझी काही हरकत नाही.

मात्र त्या दोन आकड्यांचा अर्थ फारसा कोणी विचारत नाही. क्रेच्या नामकरणात पहिला अंक प्रोसेसरांचा आणि दुसरा स्मृतीचा असे. ‘२४’ म्हणजे दोन प्रोसेसर आणि चाळीस लाख शब्दांची स्मृती. ‘१४’ म्हणजे एक प्रोसेसर आणि तेवढीच स्मृती. शब्द चौसष्ट बिटांचा, म्हणजे दोन्हींत ढोबळमानाने बत्तीस मेगाबाइट. नाकारला गेला तो दुसरा प्रोसेसर; ओटा तेवढाच मिळाला होता. क्रेच्या रचनेत दोन्ही प्रोसेसर एकाच सामाईक स्मृतीवर काम करत. एकत्र कुटुंबात दोन सुना एकाच ओट्याशी उभ्या असाव्यात तसे. एकीने चिरलेला कांदा दुसरीला हात लांबवून घेता येतो, कुणाला काही मागावे लागत नाही. दोघी असतात तोवर हे सुखाचे. चौसष्ट जणी असतील तर ओट्यापाशी उभे राहायलाच जागा मिळणार नाही. एवढ्या सगळ्यांचे हात एकाच वेळी पोचतील अशी स्मृती बांधणे हे क्रेसारख्यांनाही अवघड आणि अफाट महाग काम होते.

सी-डॅकने दुसरी वाट धरली. चूल वेगळी मांडायची. ‘परम ८०००’मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते, आणि प्रत्येकाजवळ त्याची स्वतःची स्मृती होती. शेजाऱ्याच्या स्मृतीत डोकावायची सोय नाही. काही हवे असेल तर जोडणीच्या तारेवरून निरोप पाठवून मागायचे. या रचनेची सुरुवात चौसष्ट प्रोसेसरांपासून झाली आणि हवे तसे आणखी जोडत जायची मुभा होती. त्याच सुमारास तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’ आणि त्याआधी बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ ही समांतर यंत्रे तयार झाली. बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडायचे, हा विचार तेव्हा देशात तीन-चार ठिकाणी एकदमच रुजत होता. पुण्याच्या गजबजाटात बाकीच्यांची नावे मागे पडली, हे आपले नेहमीचेच.

ट्रान्सप्युटरबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण स्मृतीच्या काटकसरीचा इतका नेटका विचार मी नंतरच्या कोणत्याही प्रोसेसरात पाहिला नाही. १९८७ साली आलेल्या टी-८०० या चिपवरच चार किलोबाइटची जलद स्मृती होती आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या. एका प्रोसेसरवर एक नव्हे, अनेक कामे आळीपाळीने चालत, आणि पाळी बदलण्याची व्यवस्था चिपमध्येच कोरलेली होती. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना इतर यंत्रांना कितीतरी गोष्टी लिहून ठेवाव्या लागत. ट्रान्सप्युटर फक्त दोनच ठेवी : कुठवर वाचून झाले आणि कामाची जागा कुठे आहे. पोथी वाचणाऱ्याने पानात मोरपीस घालून उठावे, इतके सोपे.

त्याहून मोलाची गोष्ट होती त्याच्याबरोबर आलेली ‘ऑकम’ ही भाषा. टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या विचारावर डेव्हिड मे यांनी ती उभी केली. ऑकममध्ये चालू असताना आणखी स्मृती मागण्याची सोयच नव्हती. एखाद्या कृतीने स्वतःलाच पुन्हा बोलावणे निषिद्ध. त्यामुळे आज्ञावली सुरू होण्याआधीच प्रत्येक कामाला किती जागा लागणार हे कंपायलरला मोजून सांगता येई. डाइकस्ट्रांच्या सावकाराला ऋणकोने जी कमाल गरज सांगायची असते, ती इथे कागदावर पक्की लिहिलेली असे. शिवाय निरोपाची देवाणघेवाण हातोहात. घेणारा समोर येईपर्यंत देणारा थांबून राहणार. मध्ये थैल्या ठेवायला जमीन नाहीच, म्हणून ती भरण्याचीही भीती नाही. सोनेगावच्या धावपट्टीवरची गठ्ठ्यांची अडचण ऑकमने अशी सोडवली होती.

अर्थात फुकट काही मिळत नाही. दोघांनीही ‘आधी तू घे’ म्हणून हात पुढे केले आणि दोघेही थांबले, की यंत्र तसेच गोठून राहते. शिवाय ज्या शास्त्रज्ञांना परमवर आपली कामे चालवायची होती त्यांच्या आज्ञावल्या वर्षानुवर्षे फोरट्रानमध्ये लिहिलेल्या होत्या, आणि त्या सगळ्या एकच सामाईक स्मृती गृहीत धरणाऱ्या. त्यांना नवी भाषा शिका म्हणणे म्हणजे लग्न ठरल्यावर वराला संस्कृत शिकायला लावणे. म्हणून सी-डॅकला ‘परस’ नावाची आज्ञावली-व्यवस्था तयार करावी लागली. यंत्र जुळवणे जितके कठीण होते तितकेच, माझ्या मते काकणभर जास्तच, जुन्या आज्ञावल्यांच्या वाटण्या करणे कठीण होते.

वाटण्या हाच शब्द इथे नेमका बसतो. हवामानाच्या गणितात नकाशावर चौकटींचे जाळे टाकतात आणि प्रत्येक चौकटीतला दाब, तापमान, वारा मोजत पुढे जातात. चौकटीचे पुढचे मूल्य शेजारच्या चौकटींवर अवलंबून असते. जाळ्याचे तुकडे करून चौसष्ट प्रोसेसरांना वाटले, की प्रत्येकाला आपल्या तुकड्याबरोबर शेजाऱ्याच्या सीमेवरची एक एक ओळही जवळ बाळगावी लागते, आणि दर पावलाला ती ताजी करून घ्यावी लागते. शंभर गुणिले शंभरच्या तुकड्यात दहा हजार चौकटी आहेत. कडेची ओळ धरली की १०,४०४ होतात. चार टक्के जादा, सोसण्यासारखे. तोच तुकडा दहा गुणिले दहाचा केला तर शंभरच्या जागी १४४ लागतात. चव्वेचाळीस टक्के स्मृती नुसत्या कडेत गेली. आमच्या वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. चार भावांत वीस एकर वाटले की प्रत्येक वाटणीला धुरा लागतो, आणि दोन पिढ्यांनी पाहावे तो पिकाखालची जमीन कमी आणि धुरे जास्त. धुऱ्यावरून खटले चालतात ते वेगळेच. समांतर संगणनातही वेळेचा मोठा हिस्सा धुऱ्यावरच जातो.

*

सी-डॅक स्थापन झाली त्याच १९८८ साली नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले, तेही व्हीएनआयटीच्या आवारात. त्याच वर्षी १७ मार्चला भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह आकाशात गेला. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याला जमिनीवरचा सुमारे ७२ मीटरचा एक ठिपका दिसे. एका ओळीत असे २०४८ ठिपके, म्हणजे १४८ किलोमीटर रुंदीचा पट्टा, आणि प्रकाशाच्या चार वेगवेगळ्या छटांत. एका चौरस चित्राचा हिशेब केला तर १६ मेगाबाइटच्या घरात जातो. क्रेची निम्मी स्मृती एका चित्राला! त्या काळच्या सामान्य कचेरीतल्या संगणकात पूर्ण मेगाबाइटसुद्धा नसे.

तेव्हा अशी चित्रे संपूर्ण उघडण्याची चैन नव्हतीच. ओळ वाचायची, तिच्यावर काम करायचे, लिहून टाकायची, पुढची ओळ. चारही छटांची मिळून एक ओळ आठ किलोबाइटची. टिफ्रॅकच्या स्मृतीतसुद्धा मावली असती. पीक कुठले, पाणी कुठे, जंगल किती विरळ झाले, ही वर्गवारी एकेका ठिपक्याची असल्याने ओळीओळीने बिनबोभाट होते. अडचण येते ती चित्र सरळ करताना. उपग्रहाची वाट उत्तर-दक्षिण रेषेला तिरकी असते, म्हणून चित्रही तिरके येते. उत्तर वर ठेवून नकाशा करायचा तर नव्या नकाशाच्या एका ओळीसाठी मूळ चित्रातल्या काही शे ओळींतले ठिपके लागतात. मग चित्राचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला कडेने थोडा धुरा ठेवायचा, आणि एकेक तुकडा ओट्यावर घ्यायचा. सुदूर संवेदनाची कामे करणाऱ्या त्या पिढीने ‘किती वेळ लागेल’ याआधी ‘एका वेळी किती लागेल’ हे विचारायची सवय लावून घेतली ती अशा कामांतून. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि ती सवय सुटली.

सुटली म्हणजे किती, याचा एक अनुभव सांगतो. निवृत्तीनंतर एका कचेरीतल्या जुन्या नोंदवह्यांच्या संगणकीकरणात मी थोडी मदत करत होतो. गावोगावच्या घरजागांच्या नोंदी. कागद हाताला लागला की तुकडा पडावा अशी अवस्था. बारा हजारांच्या आसपास पाने स्कॅन झाली होती. ती स्वच्छ करून, अनुक्रम लावून द्यायची होती. तारीख ठरलेली होती आणि नकला मागणारी माणसे रोज दुपारी पायऱ्यांवर बसलेली दिसत. आज्ञावली लिहिणारा मुलगा हुशार होता. त्याने बाराही हजार पानांची कामे एकदम समांतर सोडून दिली. आजच्या भाषांत हे दोन ओळींत होते, हीच तर पंचाईत आहे. पूर्वी प्रत्येक समांतर कामाला मोठी जागा बाजूला काढावी लागे. जावासारख्या भाषेत एका धाग्यापाठी मेगाबाइटभर धरली तर दहा हजार धाग्यांना दहा गिगाबाइट राखून ठेवावी लागत, म्हणून माणूस बिचकायचा. गो भाषेत असे काम दोन किलोबाइटपासून सुरू होते. दहा हजार कामांना वीस मेगाबाइट. नुसते सुरू होणे इतके स्वस्त झाले, की त्या कामाच्या हातात पुढे काय येणार याचा हिशेब कोणी करत नाही.

इथे हातात पान येणार होते. डिस्कवर स्कॅनची फाइल दीड मेगाबाइटची दिसते. पण ती दाबून ठेवलेली असते. ए-फोर कागद, इंचाला तीनशे ठिपके, रंगीत, म्हणजे उलगडल्यावर सव्वीस मेगाबाइट. सोळा गिगाबाइटचे यंत्र सहाशे पानांना भरले आणि रात्रीत गप्प झाले. लिनक्सचा स्वभाव डाइकस्ट्रांच्या सावकाराच्या अगदी उलट. मागेल त्याला तो आधी हो म्हणतो, सातशे ताटांच्या मांडवात हजार पत्रिका वाटतो. सगळे खरेच जेवायला आले की मग एकाला उचलून बाहेर फेकतो. सकाळी आम्हाला नोंदीत फक्त ‘ठार केले’ एवढे दिसले.

दुसऱ्या दिवशी मुलाने आठच कामगार ठेवले. आठ गुणिले सव्वीस, दोनशे आठ मेगाबाइट. प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. यंत्र पुन्हा त्याच रात्री पडले, फक्त थोडे उशिरा. कारण पान वाचून उलगडणे जलद होते आणि ते स्वच्छ करणे संथ. वाचणारा भाग उलगडलेली पाने रांगेत लावत सुटला होता. जेवणारे आठच, पण वाढप्याने पाचशे ताटे वाढून ओसरीवर मांडून ठेवलेली! रांगेलाच मर्यादा घातली : सोळा पाने झाली की वाचणाऱ्याने थांबायचे, एक उचलले गेले की पुढचे आणायचे. तिसऱ्या रात्री आणखी एक भोक सापडले. स्वच्छ झालेली पाने शेवटी एकदम लिहायची म्हणून तो एका यादीत साठवत होता. उष्टी ताटेसुद्धा मांडवातच. तेही बदलून प्रत्येक पान झाल्याबरोबर डिस्कवर लिहायला लावले.

मी त्याला परमची आणि ऑकमची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, पण मग आज कोणी ऑकममध्ये का लिहीत नाही?” प्रश्न रास्त होता. ट्रान्सप्युटर नव्वदच्या दशकातच मागे पडला. सी-डॅकनेही पुढच्या यंत्रांत इतर कंपन्यांचे प्रोसेसर वापरले. १९९८ चा ‘परम १००००’ सनच्या प्रोसेसरांवर उभा होता, आणि २००३ साली ‘परम पद्म’ने सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींची मजल गाठली. आजच्या महासंगणकात दोन्ही पद्धती नांदतात. एका खोक्यातले अनेक प्रोसेसर सामाईक स्मृतीवर काम करतात आणि खोकी एकमेकांशी निरोपांनी बोलतात. घरात चूल एक, भाऊबंदकीत वेगळ्या. जागा आधी मोजून सांगण्याचा ऑकमचा आग्रह मात्र मागे राहिला, कारण मोजणे कंटाळवाणे असते आणि स्मृतीच्या पट्ट्या बाजारात मिळतात.

चौथ्या रात्री मी आणि तो मुलगा तिथेच थांबलो. पडद्यावर स्मृतीचा आकडा एक गिगाबाइटच्या आत हलत होता आणि पानांचा आकडा वाढत होता. दीडच्या सुमाराला सोनेगावच्या दिशेने एक विमान उतरल्याचा आवाज आला. पाचला बाराही हजार पाने झाली. मुलाने आज्ञावलीच्या माथ्यावर आठ आणि सोळा हे दोन आकडे वेगळे काढून ठेवले, शेजारी मराठीत टीप लिहिली, ‘वाढवण्याआधी पानाचे वजन मोजा’, आणि चहा शोधायला खाली गेला.